ट्रॅव्हलरला तेल का घालत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी आयटीआय करून महिन्याभरापूर्वी आमच्या तालुक्यातल्या सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात लागली. ती सांगते की यंत्रांच्या डोक्यावरून लांब सोंडांचा एक पंखा दिवसरात्र येरझाऱ्या घालतो, हातात सारखा ब्रश असतो, आणि तरी शिफ्ट सुटताना केसांवर कापूस असतोच. यंत्र एकदाच बंद करून स्वच्छ पुसून का घेत नाहीत? शिवाय एका चिमुकल्या लोखंडी कडीला कधीही तेल लावायचे नाही, अशी ताकीद तिला मिळाली आहे. लोखंडावर लोखंड घासते तिथेच तेल नको, हे कसे?
— एक गृहिणी, जिल्हा कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलीने महिन्याभरात जे टिपले, ते टिपायला मला बराच काळ लागला होता. आधी कापसाचे बोलू आणि मग त्या कडीकडे येऊ. दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच जागी आहेत.

पिठाच्या गिरणीत भिंतीवर, पट्ट्यावर आणि गिरणीवाल्याच्या भुवयांवर जे बसते ते बाहेरून आलेले नसते, ते पीठच असते. सूतगिरणीचेही तसेच. शेतातली माती, पानांचा चुरा, सरकीच्या टरफलाचे तुकडे ही खरी घाण बहुतेक ब्लोरूम आणि कार्डिंग या पहिल्या दोन खात्यांतच निघून जाते. रिंग फ्रेमवर येते ती विंचरलेली, सरळ केलेली, चांगली रुई. तिची सैल वात यंत्राच्या रोलरांतून जाताना तीसेक पट ताणली जाते आणि रोलरांतून सुटल्यावर तिला पीळ बसतो. रोलर सुटला पण पीळ अजून बसला नाही, अशी एक क्षणाची फट मध्ये राहते. कापसाचा तंतू लांबीला जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि त्यातही आखूड, तुटलेले तंतू असतातच. असे तंतू त्या फटीत निसटतात आणि हवेत उडतात. सूत पुढे जिथे जिथे घासते तिथेही थोडे सुटतात. गिरणीत त्याला ‘फ्लाय’ म्हणतात. तुमच्या घरी शिवणयंत्र असेल, तर बॉबिन केस काढून खाली बघा. तिथे जो मऊ करडा थर दिसेल, तो याच जातीचा.

म्हणजे हा कचरा यंत्रावर येऊन पडत नाही, यंत्र तो कातता कातता तयार करते. आज लख्ख पुसून चालू केलेले यंत्र पहिल्या मिनिटापासून पुन्हा फ्लाय सोडू लागते. म्हणून सूतगिरणीतली सफाई हे कातण्यानंतरचे काम नव्हे, कातण्याचाच तो एक भाग आहे.

एकदा बंद करून पुसण्याचा हिशेबही मांडून पाहू. चाळीस नंबरचे सूत काढणाऱ्या एक हजार चात्यांच्या रिंग फ्रेमवर चाती, म्हणजे स्पिंडल, मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर एका चातीवर मिनिटाला साधारण १८ मीटर सूत निघते. हजार चात्यांवर १८ किलोमीटर. वजनात ते पाव किलोच्या थोडे वर जाते, तासाला सुमारे १६ किलो. एक यंत्र तासभर थांबले की एवढे सूत गेले. शिवाय बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होताना कित्येक धागे तुटतात आणि ते एकेक करून सांधावे लागतात. त्यामुळे रोजची सफाई यंत्र चालू असतानाच, किंवा भरलेल्या बॉबिन उतरवायला, म्हणजे डॉफिंगला, ते थांबते त्या थोड्या वेळात उरकतात. महिन्यातून एकदोनदा मात्र वेळापत्रकाप्रमाणे यंत्र पूर्ण थांबवून, झाकणे उघडून, खोलवर साफ करतात. हे वेळापत्रक पाळणारी गिरणी आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारी गिरणी यांच्या सुतातला फरक विणकराला बोटांनी कळतो.

तो सोंडांचा पंखा म्हणजे ट्रॅव्हलिंग क्लीनर. यंत्रांच्या वर रूळ टाकलेले असतात, त्यांवरून तो फिरतो. त्याच्या काही नळ्या यंत्रावर जोराने हवा मारतात आणि जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या लांब सोंडा खाली पडलेली रुई ओढून घेतात. फुंकणे आणि ओढणे ही दोन्ही कामे बरोबरीने झाली तरच त्याचा उपयोग. ओढलेला कापूस जिथे जमतो ती पेटी वेळेवर रिकामी केली नाही, तर ओढ मंदावते आणि फुंकर मात्र तशीच राहते. मग हे यंत्र एका फ्रेमवरची रुई उचलून शेजारच्या फ्रेमच्या सुतात नेऊन टाकते. शेजारी रंगीत तंतू किंवा पॉलिएस्टर चालू असेल तर पांढऱ्या सुतात निळा केस मिसळलाच समजा, आणि तो कापड विणून, धुऊन, ब्लीच करून झाल्यावर दिसतो. मुलीला सांगा, पंखा फिरतोय एवढे पाहून निश्चिंत राहू नये, सोंडेखाली हात धरून ओढ किती आहे तेही पाहावे.

फ्लायचा पुंजका चालत्या सुतावर पडला की पिळात गुंतून त्याचा जाड भाग होतो. पुढे वाइंडिंग खात्यात इलेक्ट्रॉनिक क्लिअरर असा भाग हेरून कापतो आणि दोन टोके पुन्हा जोडली जातात. दोष गेला तरी त्या जागी एक जोड राहिला. चांगला मास्तर वाइंडिंगवरचे काप मोजतो आणि आकडा वाढला की रिंग फ्रेमची सफाई तपासायला येतो.

आता तुमच्या कडीकडे.

तिचे नाव ट्रॅव्हलर. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकवलेली पोलादी तार, चातीभोवतीच्या गोल पोलादी कड्याच्या, म्हणजे रिंगच्या, कडेवर अडकवलेली. चाळीस नंबरच्या सुताला लागणारी ट्रॅव्हलर सुमारे ३० मिलिग्रॅम वजनाची असते. तिचा आंतरराष्ट्रीय नंबर म्हणजे हजार ट्रॅव्हलरांचे ग्रॅममधले वजन, यावरून ती किती हलकी ते कळेल. रोलरमधून आलेले सूत तिच्या पोटातून बॉबिनवर जाते. चाती फिरते, सुताच्या ओढीने ट्रॅव्हलरही रिंगवरून गोल धावते, आणि तिच्या प्रत्येक फेरीला सुतात एक पीळ बसतो. गंमत अशी की ती चातीपेक्षा किंचित मागे राहते, आणि त्या मागे राहण्यामुळेच सूत बॉबिनवर गुंडाळले जाते. दोघींचा वेग अगदी सारखा झाला असता तर पीळ बसला असता, पण बॉबिन भरली नसती.

रिंगचा व्यास ३८ मिलिमीटर धरला तर तिचा घेर होतो जवळजवळ १२ सेंटिमीटर. मिनिटाला १८,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. गुणाकार करा : सेकंदाला सुमारे ३६ मीटर, ताशी जवळपास १३० किलोमीटर. एसटीला जो वेग कधी गाठायचा नसतो, त्या वेगाने ही तांदळाच्या दाण्याएवढी तार दिवसेंदिवस पोलादावर घासत धावते.

इथे तेलाचा थेंब टाकला तर काय होईल? पहिल्याच फेऱ्यांत तो उडून सुतावर बसेल आणि सुताला काळा डाग पडेल. उरलेले तेल उडत्या रुईला धरून ठेवील, त्याचा चिखल होईल आणि ट्रॅव्हलर त्यात अडखळेल. मग कोरड्या पोलादावर ती इतक्या वेगाने धावते कशी? तिला वंगण मिळते ते कापसाचेच. सुताच्या अंगावर बाहेर आलेले बारीक तंतू ट्रॅव्हलर आणि रिंग यांच्या मध्ये चिरडले जातात. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ लेप असतो. चिरडलेल्या तंतूंचा आणि मेणाचा एक अतिशय पातळ थर रिंगवर बसतो, झिजतो, पुन्हा बसतो, आणि ट्रॅव्हलर त्या थरावरून घसरते. ज्या फ्लायला आपण दिवसभर झाडून काढतो, त्याचाच एक कण इथे तेलाचे काम करतो. मला या धंद्यात सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट हीच. लोकरीच्या काही कामांसाठी तेल लागणाऱ्या रिंगा असतात, पण तुमच्या मुलीच्या खात्यातली कापसाची रिंग ती नव्हे.

नवी रिंग बसवली की तिच्यावर हा थर नसतो. म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवतात, ट्रॅव्हलर लवकर लवकर बदलतात आणि रिंगला हळूहळू सवय लावतात. रिंगा पुसायच्या त्या कोरड्या, स्वच्छ कापडाने. उत्साहाच्या भरात कोणी रॉकेल लावून त्या चकाचक केल्या, तर त्याने रिंगचे वंगणच पुसून टाकले.

थर हवा, पण पुंजका नको. ट्रॅव्हलरच्या पाठीला फ्लाय अडकत राहिला तर तिचे वजन वाढते, आणि मूळ वजनच ३० मिलिग्रॅम असल्याने चार-पाच मिलिग्रॅम रुईसुद्धा तिला भारी होते. सुतावरचा ताण वाढतो, धागा तुटतो. म्हणून प्रत्येक रिंगशेजारी एक छोटी धातूची जीभ बसवलेली असते, ती ट्रॅव्हलर क्लिअरर. धावत्या ट्रॅव्हलरच्या अंगावरची रुई ती खरवडून काढते. अंतर जास्त ठेवले तर रुई निघत नाही, फार कमी ठेवले तर ट्रॅव्हलर तिच्यावर आपटते. हे अंतर गेजने तपासायचे असते, अंदाजाने नव्हे. आणि ट्रॅव्हलर ही तुटली की बदलायची वस्तू नाही. ठरलेले तास भरले की पूर्ण फ्रेमच्या ट्रॅव्हलर एकदम बदलतात. चांगली दिसतेय म्हणून एखादी जुनीच ठेवली, तर त्या चातीवरचे सूत शेजारणींपेक्षा केसाळ निघते.

तेल लागते ते चातीच्या बुडाला, बोल्स्टरमध्ये. ते ठरल्या मुदतीने बदलावे लागते, कारण धातूची झीज त्यात मिसळून ते काळे पडते. तिथेही पातळी महत्त्वाची. जास्त भरले की बाहेर उडते, आणि तेलकट सूत रंगाऱ्याकडे गेले की तिथून तक्रार येतेच.

रोलरांचे दुखणे वेगळे. धागा तुटला की मागून येणारी रुई खालच्या न्यूमाफिल नळीने ओढून घ्यायची असते. ती ओढ कमी पडली, हवेतला ओलावा बिघडला, किंवा कापूसच चिकट असला, तर रुई रोलरभोवती गुंडाळत जाते. याला लॅपिंग म्हणतात. चिकटपणाचे कारण विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल : पांढरी माशी आणि मावा यांचा चिकटा. हे किडे पानांचा रस पिऊन साखरेचे थेंब टाकतात, ते उघड्या बोंडावर पडतात, आणि शेतातली ती साखर रोलरपर्यंत पोहोचते. चिकट कापूस आला की खात्यातली आर्द्रता थोडी कमी करतात, चांगल्या गाठींत त्याची मिसळ थोडी थोडी करतात, आणि रोलर पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसतात, कारण साखर पाण्यातच विरघळते. पानावरची कीड आणि गिरणीतला तुटलेला धागा यांच्यात इतके जवळचे नाते असते, हे दोन्हीकडच्या माणसांना सहसा कोणी सांगत नाही.

लॅपिंग काढताना ब्लेड वापरायचे नाही, हे मी शिकाऊ असताना एका प्रसंगातून शिकलो. आमच्या सुताचे कापड विणकराने परत पाठवले. उजेडात धरले की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी जाळी दिसे. मास्तरांनी ते सूत प्रयोगशाळेत नेले. तिथले यंत्र सुताची जाडी सलग मोजते आणि जाडीतला चढउतार किती अंतराने पुन्हा येतो ते आलेखात दाखवते. आलेखात साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास एक सुळका होता. मास्तर म्हणाले, ‘‘खालचा पोलादी रोलर सत्तावीस मिलिमीटरचा, त्याचा घेर साडेआठ. वरचा रबरी तीस मिलिमीटरचा, त्याचा घेर साडेनऊ. वरचे पुढचे रोलर काढा.’’ काढले. एका रबरावर नखाएवढी चीर होती. घाईत कोणीतरी लॅपिंग ब्लेडने कापली होती आणि पाते रबरात उतरले होते. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला ती चीर सुतावर आपली खूण उमटवत होती. रबर दोन दशांश मिलिमीटर घासून काढले असते तरी चीर गेली नसती, रोलरच बदलावा लागला. ज्याच्या हातून हे झाले तो माझ्यासारखाच नवा मुलगा होता. त्याला पंधरा तुटलेले धागे सांधायचे होते आणि लॅपिंग काढायची पिकर गन त्या बाजूला कोणी ठेवलीच नव्हती. बोलणी मात्र त्याने खाल्ली. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण आई म्हणून तुम्हाला सांगायलाच हवी.

चालत्या यंत्राची सफाई हा गिरणीतला सर्वांत जुना धोका आहे. इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टनचा म्यूल १७७९ च्या सुमाराला आला, आणि पुढे त्या यंत्राच्या पुढेमागे होणाऱ्या गाड्याखाली शिरून रुई गोळा करायला लहान मुले ठेवली जात, कारण तेवढ्या जागेत मोठे माणूस मावत नसे. मुलांनी चालत्या यंत्राची सफाई करण्याला तिथे १८४४ च्या कायद्याने बंदी आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम २२ ने चालत्या यंत्राजवळचे काम फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगाराकडे दिले, आणि स्त्रियांना व अल्पवयीनांना फिरते भाग साफ करायला, तेल घालायला किंवा जुळवायला मनाई केली. त्या अटीतला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी बोटांची किंमत देऊन लिहिला गेला आहे. चाती फिरवणाऱ्या टेपजवळ, म्हणजे पट्ट्याजवळ, दातेरी चाकांच्या झाकणाआड, रोलरच्या मधल्या फटीत मुलीने हात घालू नये. वेणी बांधून टोपीखाली, ओढणी नाही, अंगठी-बांगडी नाही. आणि पुसायचे कापड हाताला गुंडाळायचे नाही, कारण कापड रोलरने धरले तर ते हात घेऊन जाते. ‘यंत्र बंद करा, मग काढते’ असे म्हणण्याचा तिला हक्क आहे, आणि ते ऐकून कपाळाला आठी घालणारा मुकादम चुकत असतो.

केसांवरच्या कापसाची मला तितकी चिंता नाही, न दिसणाऱ्या धुळीची आहे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे राहिल्याने बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसांचा आजार होतो. त्याची खूण विचित्र आहे : सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढच्या दिवसांत कमी होते. परदेशात त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात धोका सर्वांत जास्त, रिंग फ्रेमवर त्या मानाने कमी, पण नाही असे नाही. अमेरिकेने १९७८ साली सूत काढणाऱ्या खात्यांतल्या हवेसाठी घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली आणि त्याबरोबरच दुसरा मार्ग असेल तिथे दाबाच्या हवेने यंत्रे फुंकून साफ करायला मनाई केली. आपल्या अनेक गिरण्यांत मात्र हातात एअर गन घेऊन यंत्र फुंकणे हीच सफाई समजली जाते. यंत्र दोन मिनिटांत स्वच्छ दिसते आणि बारीक धूळ सगळ्या खात्याच्या छातीत जाते. जिथे ओढून घेता येते तिथे फुंकू नये, हे माझे ठाम मत आहे. फुंकावे लागलेच तर मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नव्हे. मुलीला कधी सुट्टीनंतर छाती जड वाटली, तर डॉक्टरांना आधी ‘मी सूतगिरणीत काम करते’ हे सांगावे, नाहीतर दम्याचे औषध देऊन ते मोकळे होतील.

आणि आग. दिव्यांवर, छताच्या तुळयांवर, विजेच्या पॅनेलमध्ये साचलेली रुई म्हणजे पसरून ठेवलेली वात. ब्लोरूममध्ये गाठीबरोबर आलेला खिळा किंवा पट्टीचा तुकडा फिरत्या दात्यांवर आपटला की ठिणगी उडते, आणि नळीतून वाहणाऱ्या रुईबरोबर ती क्षणात पुढे जाते. म्हणून वाटेत चुंबक आणि धातू शोधणारी यंत्रणा बसवतात. १८७७ साली सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल भारतात रिंग फ्रेम वापरून पाहणाऱ्या अगदी पहिल्या गिरण्यांपैकी. आग लागताच पाणी सोडणारे फवारे आणि हवेत ओलावा ठेवणारी यंत्रणाही तिथे फार लवकर आली. छत झाडणे हे कमीपणाचे काम मानून नव्या पोरांवर ढकलतात, पण आगीच्या हिशेबात तेच सर्वांत मोलाचे.

शेवटी, हा सगळा गोळा केलेला कापूस जातो कुठे? न्यूमाफिल नळीतली रुई स्वच्छ असते, ती ठरावीक प्रमाणात परत ब्लोरूमच्या मिसळीत जाते. कार्डिंगमधून निघालेल्या आखूड रुईचे जाडे सूत होते, चादरी-सतरंज्यांसाठी. कोंबर या विंचरणाऱ्या यंत्रातून निघणारी आखूड रुई, म्हणजे नॉइल, वेगळी विकली जाते. तिच्यापासून दवाखान्यातला कापूस होतो, आणि नोटांचा कागदही, कारण आपल्या नोटा लाकडाच्या लगद्याच्या नसून कापसाच्या असतात. जमिनीवरून झाडलेली तेलकट रुई मात्र यातल्या कशातच मिसळायची नसते. तिची पोती वेगळी असतात, आणि शिफ्ट सुटताना ती वेगळीच भरली गेली ना, हे पाहणे तुमच्या मुलीच्या कामात येते.